क्रीमविना स्ट्रॉबेरी
पसरणी घाट चढून पाचगणीमार्गे महाबळेश्वरी पोहोचलात की स्ट्रॉबेरी-क्रीमचा पेला समोर येईलच. स्वादुपिंडाच्या दाहातून उठलेल्या आपल्या वडिलांना त्यातली स्ट्रॉबेरी अवश्य द्या. क्रीम मात्र नको. स्निग्ध पदार्थ पचवण्याचा मोठा भार याच दुखावलेल्या ग्रंथीवर असतो. गरम भजीही टाळा. थोडे थोडे, पण वारंवार खाऊ घाला. पाचक द्रव्यांच्या कॅप्सूल दिलेल्या असतील, तर त्या जेवणाबरोबरच घ्याव्यात. मद्य आणि धूम्रपान कायमचे वर्ज्य. रात्री पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी तीव्र कळ आली, उलट्या होऊ लागल्या, तर उजाडण्याची वाट पाहू नका. म्हणूनच मुक्कामी पोहोचताच जवळचे रुग्णालय विचारून ठेवा. मग निश्चिंत मनाने, संथ पावलांनी वेण्णा तलावाकाठी फिरा.