वेरूळच्या वाटेवर उजवा कोपरा

मैत्रिणींनो, वेरूळला जायचे ठरवाल तेव्हा आधी वार बघा. मंगळवारी लेणी बंद असतात, आणि मुलाबाळांना घेऊन गेल्यावर बंद दार बघण्यासारखी शिक्षा नाही. दुसरे, पिशवीत जुने मोजे टाका. घृष्णेश्वराच्या आवारात चपला काढाव्या लागतात नि उन्हाळ्यात दुपारचा दगड तव्यासारखा तापतो. तिसरी गोष्ट कुठल्या माहितीपत्रकात मिळायची नाही, म्हणून मीच सांगते. गाडीत कबड्डीवेडी पुरुषमाणसे घेऊ नका. निदान लिलावाच्या आठवड्यात तरी नको गं बाई!

आम्ही जालन्याहून निघालो ते २०२५ च्या जूनमध्ये. ३१ मे आणि १ जूनला मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव झाला होता, त्याची राख अजून गरम होती. आमचे हे मुंबईचे, म्हणजे यू मुंबाचे. आणि धाकटे भाऊजी पुणेरी पलटणचे. मागे आम्ही दोघी जावा, दशम्यांचे डबे, आणि भाऊजींचा मुलगा. तो खिडकीबाहेर बघत बसलेला. तो का गप्प होता ते पुढे सांगते.

तुमच्या घरी हा खेळ टीव्हीवर चालत असेल तर लिलाव ठाऊक असेलच. नसेल तर थोडक्यात सांगते. हंगाम संपला, करार संपला की खेळाडू मोकळा होतो आणि संघांचे मालक त्याच्यावर बोली लावतात. जुन्या संघाला तेवढीच रक्कम भरून काही जणांना परत राखता येते. नाही राखले, तर काल ज्याच्या नावाने शिट्या मारल्या तो उद्या समोरच्या अंगणात उभा. २०१४ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा सर्वात मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती, राकेश कुमारवर. आता एकेकाला दोन कोटींच्या वर मिळतात.

इतर बाबतींत भांडणारे हे दोघे भाऊ एका गोष्टीवर मात्र एकमताचे होते: चढाई करणारे पोतंभर मिळतात, कोपरा मिळत नाही. कोपरा म्हणजे काय, हे मला जाऊबाईंनी फार छान समजावले. स्वयंपाकघरात मांजर शिरले की एकटीने धावून उपयोग नसतो. एकीने दार धरायचे, एकीने मोरी, आणि मधल्या दोघींनी हातात हात घालून पुढे सरकायचे. कबड्डीत दार नि मोरी धरणारे ते डावा-उजवा कोपरा, मधले ते मध्यरक्षक, आणि हातातले हात म्हणजे साखळी. चढाईवाल्याचा घोटा पहिल्यांदा धरायचा तो कोपऱ्याने. तिथे हात सुटला की मागच्या सगळ्यांची धावपळ फुकट.

म्हणूनच इराणच्या महंमदरझा शादलुईला पुण्याने २०२३ मध्ये २ कोटी ३५ लाख मोजले. अख्ख्या संघासाठी थैली होती पाच कोटींची, त्यातले निम्म्याला आले एका पकडीवाल्यावर! मार्च २०२४ मध्ये पुण्याने पहिले विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शादलुई हरियाणाकडे गेला आणि डिसेंबरमध्ये हरियाणा जिंकले. नि आता, २०२५ च्या लिलावात, २ कोटी २३ लाखांना तो गुजरातकडे. भाऊजींचा चढा सूर लागला होता, "ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी इमान नको?"

तोवर दौलताबादचा किल्ला उजेडात आला. उभा तासलेला कडा, खंदक, वर जायला एकच वाट आणि तीही काळोख्या भुयारातली. याहून पक्का बचाव माणसाने आणखी कसा करायचा? तरी १२९६ मध्ये अल्लाउद्दीन आला तेव्हा यादवांचे मोठे सैन्य बाहेर होते, आणि धान्याची म्हणून वर नेलेली पोती उघडली तर त्यांत मीठ निघाले, असे सांगतात. हे हसून म्हणाले, "बघ, मीठ पुष्कळ होतं. पोटाला दाणा नव्हता!" भाऊजी हसले नाहीत.

कारण त्यांच्या मनात शादलुई नव्हताच. त्यांचा मुलगा आमच्या गल्लीतल्या मंडळाकडून उजव्या कोपऱ्यात खेळतो. मंडळ वीस वर्षे भाऊजींनी हाताने सांभाळले. मैदानावर माती टाकण्यापासून मुलांच्या केळ्यांपर्यंत. मुंबईच्या एका संघाने त्याला बोलावले होते. महिन्याला मानधन, राहायची सोय, पुढेमागे नोकरी. मंडळातल्या मुलांनी त्याला तोंडावर गद्दार म्हटले होते, आणि बापाने महिनाभर शब्द टाकला नव्हता. एका घरात, एका ताटापाशी बसून! जाऊबाईंचे काय झाले असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

वेरूळला पोहोचल्यावर आधी सोळावे लेणे गाठा, उन्हाच्या आत. एकूण ३४ लेणी आहेत, पहिली १२ बौद्धांची, मग १७ हिंदूंची, शेवटची ५ जैनांची. सगळी एका दिवसात बघायचा हट्ट धरू नका. कैलास मात्र सावकाश बघा. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्णाच्या काळात डोंगर माथ्याकडून खाली खोदत आणला आहे, म्हणजे कळस आधी आणि पायरी शेवटी. दक्षिणेच्या अंगाला रावण कैलास हलवतो आहे ते शिल्प चुकवू नका. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे, आणि शंकर नुसत्या पायाच्या अंगठ्याने डोंगर दाबून धरतो आहे. आमचा पुतण्या तिथे सकाळपासून पहिल्यांदा बोलला, "काकू, बघा, अंगठ्यानं पकड!" भाऊजी दोन हातांवर उभे होते. त्यांनी ऐकले, पण मान वळवली नाही.

दुपारी झाडाखाली डबे उघडले. मग घृष्णेश्वर. बारावे ज्योतिर्लिंग, जीर्णोद्धार मालोजीराजे भोसल्यांनी केला, आजचे लाल दगडाचे देऊळ होळकरांच्या काळातले, १८ व्या शतकातले. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावे लागते, तेव्हा त्यांचे सदरे धरायला आपण आहोतच!

बहुतेक गाड्या इथूनच परत फिरतात. तुम्ही तसे करू नका. गावात मालोजीराजांची गढी आहे. वेरूळची पाटीलकी भोसल्यांची. इथले हे घर निजामशाहीच्या चाकरीत गेले, आणि मालोजींचे पुत्र शहाजीराजे १६२४ मध्ये भातवडीला मलिक अंबरच्या बाजूने लढले. हा मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी, आणि मोगलांपुढे निजामशाहीचा सर्वात चिवट बचाव केला तो याच परक्या माणसाने. वेरूळच्या अलीकडे खुलताबादला त्याची कबर आहे. तर शहाजीराजे पुढे आदिलशाहीत गेले, परत निजामशाहीत आले, मग मोगलांकडे गेले, तेही सोडले, १६३३ मध्ये निजामशाहीतले एक मूल गादीवर बसवून स्वतःच राज्य चालवले, आणि १६३६ नंतर पुन्हा आदिलशाहीत.

गढीच्या पडक्या भिंतीपाशी हे सगळे मी मुलाला सांगत होते. भाऊजींनी मध्येच विचारले, "वहिनी, मोगलांकडे का गेले पण?"

मैत्रिणींनो, आमच्या जालन्याहून सिंदखेडराजा जवळ. जिजाऊंचे माहेर म्हणून ही गोष्ट आम्हा बायकांना पाठ असते. १६२९ मध्ये लखुजी जाधवांना मुलांसकट दौलताबादच्या किल्ल्यात दरबारी बोलावून मारले. ज्या निजामाची चाकरी त्याच्याच हुकमावरून. जिजाऊंचा बाप आणि भाऊ गेले, आणि नवऱ्याचा धनी तोच. मी एवढेच म्हटले, की इमानाचा हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंचा मांडावा लागतो. नुसता चाकराचा कसा चालेल? मंडळाने काही कुणाचा जीव घेतला नव्हता, हे खरे. पण गेल्या वर्षी पोराचा खांदा निखळला, तेव्हा औषधपाण्याचा खर्च जाऊबाईंनी पाटल्या मोडून केला होता. मंडळाच्या पेटीत पैसाच नव्हता. त्या बोलल्या नाहीत. मोकळे मनगट चोळत उभ्या राहिल्या, आणि भाऊजींचे लक्ष तिकडे गेले.

परतीच्या वाटेवर खुलताबादला भद्रा मारुतीला थांबलो. हा मारुती आडवा पहुडलेला आहे, असे मारुती फार थोडे. पाच रुपयांचा नारळ पन्नासला कधी झाला कळले नाही, पण घेतला. गाडीत पुन्हा वाद सुरू झाला, मुंबईने २०२४ मध्ये सुनील कुमारला कोटीच्या वर दिले ते योग्य की अयोग्य. भाऊजी एकदम मागे वळून म्हणाले, "तिकडे कोणत्या कोपऱ्यात उभं करणार तुला?" "उजव्याच," पोरगा म्हणाला. "मग डावा कोण आहे ते आधी बघ. डावा कच्चा असला तर सगळे तुझ्यावरच येतील." महिन्याभरानंतरचे हे पहिले बोलणे!

जूनच्या अखेरीस तो मुंबईला गेला. मंडळाचा उजवा कोपरा आता शेजारच्या दुधवाल्यांचा धाकटा सांभाळतो. गणपतीतल्या सामन्यांत मंडळ पहिल्याच फेरीत हरले, तेही खरे.

३१ ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना झाला, दिल्ली आणि पुणे. पुणे २८ वर थांबले, दिल्लीचे ३१ झाले, आणि शेवटच्या मिनिटात पुण्याला रोखणारी पकड फझल अत्राचलीची. हाही इराणचा कोपरारक्षक. मुंबई, पाटणा, गुजरात, पुन्हा मुंबई, पुणे, पुन्हा गुजरात, बंगाल असा फिरत दिल्लीला आलेला. २०२२ मध्ये हाच पुण्याचा कर्णधार होता. भाऊजी बराच वेळ बंद टीव्हीकडे बघत बसले. मग म्हणाले, "आपणच सोडला होता त्याला."

तेवढ्यात मुंबईहून फोन आला. एरवी जाऊबाई उचलतात, त्या रात्री भाऊजींनी उचलला. अर्धा तास बोलत होते, आणि ताटे वाढून आम्ही दोघी वाट बघत बसलो.