शिकाऊ वैमानिकासाठी विमान

शिकाऊ वैमानिकासाठी विमान निवडताना पहिला हिशेब वजनाचा. सेसना 152 या दोन आसनी विमानाचे कमाल उड्डाणवजन 757 किलो आणि रिकामे विमान साधारण 515 किलोचे. उरलेल्या 240 किलोंत दोन माणसे आणि इंधन बसवायचे. प्रस्तुत लेखकाचे वजन शिकताना 88 किलो होते, प्रशिक्षकांचे 86. हेडसेट आणि बॅग धरून 180. भरलेल्या टाक्यांत सुमारे 70 किलो पेट्रोल मावते, इथे 60च चालणार होते. त्यामुळे रोज पहाटे पंखाखालच्या तिरक्या दांडीवर पाय ठेवून वर चढायचे, टाकीत मोजपट्टी बुडवायची आणि निळसर पेट्रोलची ओली खूण वाळायच्या आत आकडा वाचायचा, हा नेम ठरून गेला.

वजनाला उन्हाची जोड मिळते. दख्खनच्या पठारावर 600 मीटर उंचीच्या धावपट्टीवर पारा 40 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमान 1,600 मीटरहून अधिक उंचीवर असल्यासारखे वागते. 110 अश्वशक्तीचे इंजिन तिथे धापा टाकते. मे महिन्यातल्या एका दुपारी धावपट्टी संपत आली तरी चाके जमीन सोडत नव्हती. प्रशिक्षकांनी वेळीच उड्डाण रद्द केले. चार आसनी सेसना 172 च्या 180 अश्वशक्तीच्या प्रकारात दोघेच बसले तर ताकद हाताशी शिल्लक राहते. धिप्पाड विद्यार्थ्याने आणि उन्हाळी प्रदेशातल्या संस्थेने हेच विमान घ्यावे. तासाचा खर्च वाढतो, पण तो योग्य खर्च आहे.

विमानाने चूक पोटात घालावी, लपवू मात्र नये. या कसोटीवर 152 सरस ठरते. स्टॉलच्या वेळी, म्हणजे पंखांची उचल तुटते तेव्हा, पायाने चालवायचा रडर चुकला तर त्याचा एक पंख लगेच झुकतो आणि पाय कामाला लागतात. 172 अधिक सोशिक आहे. खालच्या पंखांच्या पायपर पीए-28 मध्ये डावी-उजवी टाकी आठवणीने बदलावी लागते. 172 मध्ये दोन्ही टाक्यांतून एकदम इंधन घेता येते. कॉकपिटमध्ये डिजिटल पडदे हवेत की जुनी गोल घड्याळे, हा वाद दुय्यम आहे; दोन्ही शिकता येतात.

सर्वांत दुर्लक्षित बाब देखभालीची. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी 200 उड्डाणतास लागतात. लेखकाच्या संस्थेत चार विमाने होती. एक सिलिंडरसाठी चार महिने उभे, दुसरे प्रोपेलरसाठी, तिसरे तपासणीत. उरलेल्या एकावर सगळ्यांची रांग. 152 चे उत्पादन 1985 मध्ये थांबले, 172 आजही बनते, तेव्हा सुट्या भागांचा विचार आधीच करावा. प्रवेशाची फी भरण्यापूर्वी एक पूर्ण दिवस हँगरपाशी बसावे आणि त्या दिवशी किती विमाने खरोखर उडाली, ते स्वतः मोजावे.