अर्थिंगची पट्टी

इस्लापूर, रात्री दहा.

वडिलांच्या फार्गो ट्रकमधलं पेट्रोल इंजिन काढून पर्किन्सचं डिझेल बसवलं, ते आठवड्यात झालं. वायरिंगनं मात्र नाकी नऊ आणले. फार्गो म्हणजे डॉजची सख्खी बहीण, दोघी प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या. आमची ही किनवटच्या जंगलातलं सागवान वाहायची.

डिझेलला ठिणगी लागत नाही. म्हणून कॉइल आणि डिस्ट्रिब्युटरच्या वायरी आधी काढल्या. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला, त्याबरोबर जुना कटआउटही गेला. वायरींवरचं कापडी आवरण हात लागताच भुगा होत होतं. त्यावर वडिलांनी बांधलेल्या दोऱ्याच्या गाठी होत्या. कापताना जिवावर आलं.

संध्याकाळी चावी फिरवली. स्टार्टर नुसता कण्हला आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून धूर! मी बॅटरीला शिव्या घालत होतो. मिस्त्रीकाका खाली वाकून म्हणाले, "अरे, इंजिनाला अर्थच दिली नाहीस की!"

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं आणि रबरातून वीज जात नाही. स्टार्टर शेकडो अँपिअर खेचतो. परतीची वाट नसली की ते सापडेल त्या तारेतून धावतात. जुन्या इंजिनासोबत अर्थिंगची तांब्याची विणलेली पट्टी मीच भंगारात फेकली होती.

ढिगात ती सापडली. चॅसीवरचा रंग खरवडून घट्ट आवळली. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली.

उजवा इंडिकेटर अजून लागत नाही. उद्या बघू.