तांडेलाचा नकार

हौशी गळवाल्यांच्या कॅलेंडरात शनिवार-रविवार ठळक असतात. दर्या तिथीवर चालतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे ढोबळ गणित कोकणात शाळेबाहेरच शिकतात. मालवणच्या किनाऱ्यावर रॉड-रीळ घेऊन उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते येतं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. नारळी पौर्णिमा झाली की मंडळींचे हात शिवशिवू लागतात, पण तेव्हाची घाई फुकट जाते. खाड्या अजून गढूळ पाणी ओतत असतात, आणि खोलातून किनाऱ्याकडे सरकलेल्या थंड पाण्यात प्राणवायू कमी असल्याने तळाचा मासा जागा सोडतो.

खरी मजा दिवाळीच्या सुमारास. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो. होडी त्याला पाठ देऊन बाहेर पडते. बरंच आत गेल्यावर कधी कधी पाण्यावर चक्क रेघ दिसते: अलीकडे मातकट हिरवं, पलीकडे निळं. रेघेवर फेस, काटक्या, कुजका पाला, एखादी स्लिपर. तिथे तारलीचे थवे जमतात आणि त्यांच्यामागे सुरमई. खोटा मासा ओढत होडी या रेघेच्या कडेकडेने न्यायची. सुरमई भक्ष्याची आधी शेपूट तोडते, म्हणून गरी मागच्या बाजूला हवी. आणि गरीच्या वर वीतभर तार, नाहीतर तिचे दात नायलॉन सहज कापतात. मासा लागला की रीळ करकरत सुटतं आणि होडीतल्या गप्पा जागीच थांबतात.

दगाही याच दिवसांत. नोव्हेंबर २००९मध्ये फयान वादळ आलं, तेव्हा कोकणातले कित्येक मच्छीमार परतले नाहीत.

फेब्रुवारी-मार्चात पहाटे जाऊन दुपारच्या आत परतावं. नंतर वायव्येचा वारा लाटांवर पांढरे तुरे चढवतो. मे सर्वांत फसवा. वारा पडलेला असतो, पण दूर दक्षिण महासागरातल्या वादळांनी हाकललेली लांबलचक लाट येत असते. भर समुद्रात ती जाणवतही नाही. खाडीच्या तोंडाशी, उथळ पाण्यात ती उभी राहते आणि परतणारी होडी तिथे सापडते.

हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटांचा अंदाज देते, तो मोबाइलवर बघावाच. पण अंदाज ठीक असतानाही होडी चालवणारा तांडेल कधी ढगांकडे बघून म्हणतो, “आज नको हां. वारो फिरलो.” रात्रभर गाडी हाकत पुण्या-मुंबईहून आलेला माणूस मग आवाज चढवतो. ते ऐकताना शेजारी उभ्या असलेल्या मला लाज वाटते. समोरचा माणूस दिवसाची कमाई सोडून नाही म्हणत असतो.

तेव्हा कधी तुमच्यावर ही वेळ आली, तर आगाऊ दिलेले पैसे परत मागू नका.