आगरदांड्याहून दिघीला

कारकुनाचा प्रवास तो काय असणार? कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मयताला, नाहीतर कोर्टकचेरीच्या कामाला. रजा असते तेव्हा पैसे नसतात, आणि पैसे असतात तेव्हा मुलांची फी भरायची असते. त्यामुळे प्रवास म्हणजे डोळे मिटून कसेबसे काढायचे काही तास, अशीच माझी समजूत होती. गेल्या हिवाळ्यात दिघीला जाताना माझ्या बारा वर्षांच्या मुलीने ती मोडून काढली.

माझी थोरली बहीण बोर्ली पंचतनच्या पुढे एका गावात दिलेली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने हा सगळा किनारा झोडपला. श्रीवर्धन, दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. ताईच्या घराची कौले उडाली. मी पैसे पाठवले, पण स्वतः गेलो नाही. टाळेबंदी होती हे खरे. पण त्याच दिवसांत मी कार्यकर्त्यांबरोबर अलिबागकडच्या वस्त्यांत ताडपत्र्या वाटत होतो, हेही खरे. "पैसे पोचले, भाऊ पोचला नाही," एवढेच ती फोनवर म्हणाली. पुढे टाळेबंदी उठली, पण शरमेने माझे पाऊल उचलेना.

शेवटी एका शनिवारी मुलीला घेऊन निघालो. अलिबागहून मुरूडची एस.टी. धरली. मी खिडकी तिला दिली आणि ताईसमोर काय बोलायचे याची जुळवाजुळव करीत बसलो. रेवदंड्याच्या पुलावर मुलगी ओरडली, "पप्पा, खालून होडी गेली!" काशीदला सुरूच्या झाडांआडून समुद्र दिसायचा, लपायचा, पुन्हा दिसायचा. ती प्रत्येक वेळी मला कोपर मारायची. या रस्त्याने मी कितीतरी वेळा गेलो असेन, पण कधी मान वर केली नव्हती.

मुरूडहून सहाआसनी रिक्षाने आगरदांड्याला आलो. इथून खाडीपलीकडे समोरच दिघी. रस्त्याने जायचे तर रोहा-म्हसळ्याचा मोठा वळसा; जंगरने पंधरा-वीस मिनिटांचे काम. जंगर म्हणजे सपाट बुडाची मोठी बोट. तिची पुढची लोखंडी फळी धक्क्यावर टेकते आणि तिच्यावरून मोटारी, फटफट्या, माणसे आत चढतात. भरती-ओहोटीप्रमाणे पाणी चढते-उतरते, तशी फळी कधी सपाट असते, कधी उताराची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा फरक मोठा असतो, अष्टमीच्या सुमारास भांगात तो कमी असतो. खलाशी हातवारे करीत टेंपो आत घेत होता. टेंपोचे चाक फळीवर चढले तशी सारी जंगर किंचित हलली. मुलीने माझा हात घट्ट धरला. भीतीही होती आणि मजाही होती.

इंजिन सुरू झाले. त्याची थरथर चपलांतून पोटरीपर्यंत आली. शेजारी एक कोळीण सुक्या बोंबलांची पाटी घेऊन बसली होती. उजव्या हाताला, खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसू लागला. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचा हा पाणकिल्ला शिवाजी महाराजांना किंवा संभाजी महाराजांनाही जिंकता आला नाही. १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले. हे सांगताना मला आणखी एक प्रवास आठवला. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब सत्याग्रहींसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने महाडला निघाले, ते याच किनाऱ्याने, हरिहरेश्वर-दासगावमार्गे. मोटारवाल्यांनी ऐनवेळी नकार दिला तर काय, म्हणून त्यांनी पाण्याची वाट धरली होती. मुलीने विचारले, "म्हणजे ते इथूनच गेले?" म्हटले, "त्या किल्ल्याच्या पलीकडून, भर समुद्रातून." ती बराच वेळ तिकडे पाहत राहिली. मीही पाहिले. तेवढ्या वेळात माझी सगळी जुळवाजुळव विसरून गेली.

दिघी जवळ आली. एका बाजूला बंदराचे मोठे धक्के, एका बाजूला गावच्या होड्या. फळी खाली पडल्याचा मोठा आवाज झाला आणि सगळे एकदम पुढे सरकले. गर्दीच्या टोकाला डोक्यावर पदर घेतलेली ताई उभी होती. मी तिला फक्त येतो म्हणून कळवले होते. कितीच्या जंगरने, ते सांगितले नव्हते. नंतर कळले, ती आधीच्या जंगरपासूनच थांबली होती.

मी म्हणालो, "ताई, तेव्हाच यायला हवं होतं मी." ती म्हणाली, "आता आलास ना. पोरीला पाणी लागलं का रे?" मुलगी म्हणाली, "नाही आत्या, परत जाताना पण जंगरनेच जायचं." ताई हसली. बोर्लीची एस.टी. यायला अवकाश होता. आम्ही तिघांनी टपरीवर चहा घेतला आणि कौलांच्या जागी आता पत्रे घातलेत, हे ती सांगत राहिली.

या खाडीवर पूल बांधायची योजना आहे. पूल जरूर व्हावा. आजारी माणसाला, बाळंतिणीला तो हवाच. पण वाचकहो, तोवर कधी तिकडे जाणे झाले तर जंगरने जा, आणि खिडकीची जागा पोरांना द्या. ज्याच्याकडे जायचे राहून गेले असेल, त्याच्याकडे आधी जा.