पत्थरगट्टीतील दोन कुप्या

नयापुलावरून मुसी ओलांडून मदिना चौकातून चारमिनारच्या दिशेने निघाले, की दुतर्फा दगडी कमानींची रांग सुरू होते. हीच पत्थरगट्टी. मुसीला १९०८ साली महापूर आला आणि शहराच्या सुधारणेसाठी १९१२ मध्ये जे मंडळ स्थापन झाले, त्याच्या कामाची ही देखणी खूण. हळदीकुंकवाचे अत्तर येथूनच आणावयाचे, हा आम्हां सुलतानबझारच्या मराठी मंडळींचा जुना परिपाठ. हिना, मोगरा, फार तर मातीचे अत्तर! परवा मात्र आम्ही व्हॅनिला आणि नारळाच्या शोधात गेलो होतो.

कारण आमच्या वहिनी. २०२१ च्या साथीत त्यांचा ताप उतरला, पण गंध गेला तो गेलाच. शिरा करपला तरी त्यांना कळत नसे. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास सकाळ-संध्याकाळ हुंगण्याचा वैद्यकीय सल्ला त्यांनी जपासारखा पाळला. अलीकडे म्हणू लागल्या, "भाऊजी, गोडसर काहीतरी येते हो!"

दुकानदाराने दोन कुप्या पुढे केल्या. दोन्हींत मिश्रण तेच. एकीत व्हॅनिला वरचढ, दुसरीत नारळ. ही काही भट्टीवर उतरविलेली अत्तरे नव्हेत, हे त्याने आपणहून सांगितले. त्याचा हा प्रामाणिकपणा आम्हांस आवडला. व्हॅनिला मुळात एका ऑर्किडची शेंग. तिचा गंध महिनोन् महिने मुरवल्यावर खुलतो. पण त्यातले मुख्य सुगंधी द्रव्य १८७४ पासून रसायनशाळेत तयार होते. अत्तरातला नारळही बहुधा तिथलाच. खोबऱ्याशी त्याचा संबंध नावापुरता.

वहिनींचे माहेर मालवणचे. नारळ तरी त्यांना ओळख देईल, अशी आमची अटकळ. त्यांनी फाया नाकाशी धरला, डोळे मिटले. "काही नाही," एवढेच म्हणाल्या. आम्हांस उगाच अपराधी वाटले.

"जल्दी नक्को करो, अम्मा," म्हणत दुकानदाराने दुसऱ्या मनगटावर व्हॅनिला लावले. वहिनी बराच वेळ हुंगत राहिल्या. "दूध आटवताना पातेल्याच्या कडेला साय धरते ना, तसे काहीसे…"

झाले! आम्ही तीच कुपी बांधावयास सांगितली. वहिनींनी हात आडवा केला.

"ती नको. नारळाची द्या."

"अहो, पण तिचा वास तर तुम्हांला येत नाही!"

"गोड येतोच आहे. हा कधी येतो ते पाहायचे."

आम्ही पुष्कळ समजावले; व्हॅनिलाच घ्यावे असे आमचे मत आजही आहे. पण पैसे त्यांनीच दिले. घरी देवघराशेजारच्या फळीवर त्या चार बाटल्यांच्या ओळीत आता पाचवी कुपी आहे. सकाळी तिची पाळी सर्वांत शेवटी येते, आणि तेवढा वेळ स्वयंपाकघरात कोणी फोडणी टाकत नाही.