बुधवारचे जेवण

आमच्या निपाणी भागात आठवड्याचे वार देवांनी आपसांत वाटून घेतले आहेत. सोमवार महादेवाचा, मंगळवार आणि शुक्रवार सौंदत्तीच्या यल्लम्माचे, गुरुवार नृसिंहवाडीच्या दत्ताचा, शनिवार मारुतीचा. रविवार खरे तर जोतिबाचा. पण तो नोकरदारांनी मटणासाठी केव्हाच मागून घेतला आहे. शिवाय रविवारी बारशी, साखरपुडे आणि पाहुणे यांतून मोकळा असा माणूस सापडत नाही. उरतो बुधवार. त्याच्यावर कुणाचाच दावा नाही. म्हणून आम्हा चौघांचे महिन्यातले एक जेवण बुधवारचे.

चौघे म्हणजे तंबाखूचे वखारवाले, जनावरांचे डॉक्टर, परिवहन महामंडळातले कंडक्टर अण्णा आणि मी. अण्णांशी माझी ओळख त्यांच्या बसमधलीच. नवा शिक्षक असताना मी रोज निपाणीहून संकेश्वरच्या बाजूला जाई. सुटे पैसे नसले की अण्णा तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून देत आणि दुसऱ्या दिवशी न मागता ती परत करीत. मुख्याध्यापक झाल्यापासून त्या बुधवारी मी दुपारनंतरची अर्धी किरकोळ रजा टाकतो. मस्टरवर कारण लिहितो, ‘घरगुती काम’. जेवण हे घरगुती काम नव्हे असे कोण म्हणेल?

ठिकाण तवंदी घाटाखाली, महामार्ग सोडून थोडे आत. इंग्रजी कादंबऱ्या शिकताना खेड्यातल्या पबची वर्णने पुष्कळ वाचली होती. पब हे ‘पब्लिक हाऊस’चे लघुरूप, म्हणजे चारचौघांचे घर, शेतकरी, पाद्री, सुतार सगळे तिथे एका बाकावर बसतात. एम.ए.ला असताना मला त्या पबचे मोठे अप्रूप वाटे. पुढे लक्षात आले की आपल्याकडे ते काम खाणावळ करते. फक्त पेल्यात ताक असते. (वखारवाल्यांचे मत याबाबतीत थोडे वेगळे आहे. असो.)

खाणावळ हा शब्द तेवढा मराठीतच राहिलेला नाही. घाट उतरून हुबळी-धारवाडकडे जावे, तर गावोगावी कन्नड पाट्यांवर ‘खानावळी’ लिहिलेले दिसते. आपला शब्द त्यांनी नेला आणि शेवटी एक वेलांटी लावून संसाराला लावला. त्यांचे ‘तुप्प’ आपल्याकडे तूप झाले, सुपारी कातरायचा अडकित्ता तिकडून आला, अक्का आणि अण्णा तर कुणाचे कुणाकडून आले हे इथल्या घरांत विचारणेच वेडेपणाचे. मालकीणबाईंना आम्ही अक्का म्हणतो. त्या नवऱ्याशी कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी, आणि उधारी बुडवणाऱ्याशी दोन्ही.

अक्कांच्या दोन चुली आहेत. मागच्या अंगणात मटणाची, पुढे भाजीची. अण्णा लिंगायत, शुद्ध शाकाहारी. आमच्या ताटात जोंधळ्याची भाकरी, सुके मटण आणि कोल्हापूरकडून आलेला तांबडा रस्सा. त्यांच्या ताटात तीच भाकरी, एण्णगाई म्हणजे तेलात परतलेले भरले वांगे, शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी (तिला ते गुरेळ्ळू म्हणतात), दही आणि कच्चा कांदा. अण्णा बाकाच्या एका टोकाला बसतात आणि अक्का एकीकडची पळी दुसरीकडे कधी नेत नाहीत. डॉक्टरांचे निदान असे की आमच्यापेक्षा अण्णांचे ताट सरस असते. दर वेळी ते अर्धे वांगे त्यांच्याकडून मागून घेतात.

बोलणे काय होते? जनावरांचा लाळ्या-खुरकूत, उसाचे बिल, मुलांच्या नोकऱ्या. वखारवाल्यांची वखार आता निम्मी रिकामी असते, तंबाखूच्या शेतांत ऊस उभा राहिला. दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी ते १९८१ वर येतात. तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग अडवला होता आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात बारा शेतकरी गेले. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. त्यांच्या वडिलांनी वखारीचे दार आतून लावून घेतले, पुढे आठवडाभर घरात कुणी मोठ्याने बोलले नाही, एवढे ते सांगतात आणि थांबतात.

सीमाप्रश्नावर मात्र आम्ही बोलत नाही. तसे ठरवलेले नाही. १९५६ पासूनचा हा विषय. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. चौघांची मते चौघांना ठाऊक आहेत, आणि भाकरी गरम असते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ही गोष्ट अवघड झाली. बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून वाद होऊन एका कन्नड कंडक्टरला मारहाण झाली. पाठोपाठ तिकडे महाराष्ट्राच्या बसवर हल्ला झाला, माणसांना काळे फासले गेले, आणि दोन्ही राज्यांच्या एकमेकांकडे जाणाऱ्या बस काही दिवस बंद पडल्या. लगतचा बुधवार महाशिवरात्रीचा, म्हणजे उपवासाचा. त्यामुळे अण्णा येतील की नाही हा प्रश्न आठवडाभर पुढे गेला. मी फोन केला नाही. काय बोलणार? आणि खरे सांगायचे तर, कुठल्या भाषेत सुरुवात करायची हेच सुचेना. इतक्या वर्षांत असा विचार मनात आला नव्हता.

५ मार्चच्या बुधवारी आम्ही तिघे दीड वाजल्यापासून बसलो होतो. अक्कांनी दोनदा विचारले, ‘‘वाढू काय?’’ दोनदा डॉक्टर म्हणाले, ‘‘थांबा की जरा.’’ सव्वादोनला अण्णा मोटरसायकलवरून आले. हात धुऊन आपल्या टोकाला बसले. भाकरी आली, वांगे आले. कुणी काही बोलेना. वखारवाले, ज्यांचे तोंड कधी मिटत नाही, ते कांदा फोडत बसले.

मग अण्णाच म्हणाले, ‘‘सर, तीस वर्षं झाली. म्हातारी चढली आणि ‘एक निपाणी द्या’ म्हणाली की तोंडातून आपोआप मराठी येतंय. ‘एल्ली?’ म्हणून विचारलं तर ते कुठल्या बाईला, हे मला कधी ठरवावं लागलं नाही. त्या आठवड्यात पहिल्यांदा तोंड उघडण्याआधी माणसाच्या चेहऱ्याकडं बघालो.’’

‘‘आणि काय केलंत?’’ मी विचारले.

‘‘बोट दाखवून तिकिटं दिली. दोन दिवस. मुक्यासारखी.’’

यावर आम्ही तिघांनी काय बोलावे? मारणारे आमच्या भाषेचे म्हणवून घेत होते. काळे फासणारे त्यांच्या. वखारवाले हळूच म्हणाले, ‘‘अण्णा, आमच्यातल्या कुणी तुम्हाला...’’ अण्णांनी पुढे बोलू दिले नाही. हात वर करून म्हणाले, ‘‘साकु.’’ म्हणजे पुरे. ते बोलण्याला होते की पुन्हा भाकरी घेऊन आलेल्या अक्कांना, कळले नाही. अक्कांनी आपल्यापुरता अर्थ लावला आणि भाकरी परत नेली. तेव्हा अण्णा ओरडले, ‘‘अहो अक्का, भाकरी आणा की!’’ डॉक्टर हसले, मग सगळेच हसलो. डॉक्टरांनी आपला हात वांग्याकडे नेला.

बिलाच्या वेळी नेहमीची ओढाताण. अण्णा कंडक्टर, त्यामुळे पैसे गोळा करायचे काम त्यांचे. नोटा मोजताना ते पुटपुटतात, ‘ओंदु, एरडु, मूरु’. वखारवाले शेजारून मराठीत मोजतात, त्यांना दुसऱ्याच्या मोजणीचा भरवसा नाही. त्या दिवशी दोघांचे चाळीस रुपये जास्त भरले. पुन्हा मोजले, पुन्हा चाळीस. शेवटी अक्का आतून म्हणाल्या, ‘‘अण्णांचं दही मी धरलं नाही.’’ अण्णा ते ऐकून घेईनात. चाळीस रुपये डब्याखाली ठेवून ते मोटरसायकलला किक मारून निघून गेले; साडेतीनची त्यांची ड्युटी होती.